पंचमीची मुदत

भोकरदनच्या वाचनालयातले ग्रंथपालकाका नव्या संगणकाला दटावत एका बोटाने मुदती भरत होते. कादंबरी पंधरा दिवस, मासिक आठ. उन्हाळ्यात माहेरी आलेली मी कादंबरी घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले, तर त्यांनी ‘सासुरवाशीण’ असा नवाच गट उघडला आणि परतीची तारीख टाकली नागपंचमीची. गेल्या पंचमीला खुरपणीपायी सासूबाईंनी मला पाठवलं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं.

“मोबाइल नंबर सासूबाईचा सांग.”

“त्यांचा कशाला, काका?”

“पंचमी कवा हाय हे तुला म्हाईत हाय. त्यायला कळाया पाह्यजे.”

पंचमीच्या आदल्या दिवशी केदारखेड्यात सासूबाईंचा फोन वाजला. ‘उद्या पुस्तकाची मुदत संपते, नंतर रोज दंड’ हा वाचनालयाचा मेसेज ऐकून त्या घाबरल्याच. “जल्दी जाय माय, पुस्तक देऊन ये!”

पंचमीला माहेरी येऊन मी पुस्तक टेबलावर ठेवलं, तर काकांनी मान वर न करताच विचारलं, “आता दुसरं कोन्तं नेती? दिवाळीची तारीख टाकून राह्यलो.”