एकशे चाळीसच्या आत

खनिजाच्या ट्रकांनी मुळगावात झाडांची पानंसुद्धा तांबडी करून टाकली होती. त्या दिवसांत गावात पांढरं लुगडं नेसून फिरणारी एकच बाई होती, आमची नर्सबाय. आरोग्य केंद्रातून निवृत्त झाल्या तरी त्यांनी पांढरं सोडलं नाही. ट्रक आला की रस्त्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या, धूळ बसली की पदर झटकायच्या आणि ड्रायव्हरला नावानं हाक मारून बजावायच्या, "इंजेक्शन घेवक येशीत मा? तेव्हा बगतंय तुका." त्या ड्रायव्हरांत माझे बाबाही होते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी अजून मोठ्यानं सांगते, त्यात लाज कसली! बीएस्सी झाले आणि विमान चालवायच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली, तेव्हा नाक्यावरची माणसं बाबांना म्हणाली, "चेडू विमान चालवतला? आधी तुझो ट्रक रिव्हर्स घेवन दाखव म्हण." पण प्रवेश पक्का व्हायचा होता तो बेंगळूरला, हवाई दलाच्या केंद्रातल्या वैद्यकीय तपासणीनंतर. डोळे, कान, घसा, रक्त, हृदय, सगळं. रक्तदाब वरचा एकशे चाळीस आणि खालचा नव्वद, त्याच्या आत हवा. तपासणीत अडकले तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

मी कागद घेऊन नर्सबायकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "महिनो आसा. उद्यापासून सात वाजता ये. चाय बंद." रोज सकाळी जनेलाजवळच्या कदेलावर, म्हणजे खिडकीजवळच्या खुर्चीवर, बसवून त्या पाऱ्याचं यंत्र दंडाला बांधायच्या आणि आकडा वहीत लिहायच्या. पहिल्या दिवशी एकशे अठरा, शहात्तर. मग टॉर्च घेऊन घसा बघितला. धुळीनं तो कायम लाल असायचा. "असो घसो घेवन जातलंस? थंय डॉक्टर पळतलो," म्हणाल्या आणि स्वतः ज्येष्ठमधाचा काढा उकळून दिला. सकाळ-संध्याकाळ वाटीभर. वाटी रिकामी होईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. आठवड्यात घसा निवळला, तरी काढा चालूच राहिला.

दुसऱ्या आठवड्यात पारा चढू लागला. एकशे अठ्ठावीस. एकशे छत्तीस. मग एकशे चव्वेचाळीस, चौऱ्याण्णव. दुसऱ्या दंडावर बघितलं, तेवढाच. "चाय पितंस चोरून?" "नाही." "जागतंस?" "नाही हो!" मला रडू फुटलं. घरी आईनं मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. बाबा संध्याकाळी नर्सबायच्या दारात जाऊन म्हणाले, "बाय, वहीत दोन आकडे कमी लिवा. चेडवाक धीर येतलो." नर्सबाय म्हणाल्या, "यंत्र कोणाचो सोयरो नाय. तुझो नाय, माझो पण नाय."

तपासणीला अकरा दिवस उरले होते. त्या मला घेऊन आरोग्य केंद्रात गेल्या. तिथला नवा डॉक्टर त्यांच्या मुलापेक्षाही लहान होता. त्यानं वही चाळली आणि विचारलं, "ही रोज काय खाते, काय पिते?" उत्तरं नर्सबायनीच दिली. काढ्याचं नाव निघालं तसा तो थांबला.

"ज्येष्ठमध? किती दिवस?"

"तीन आठवडे होतले. दोन वेळ."

"नर्सबाय, ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं की रक्तदाब वाढतो. आजच बंद करा."

बाकावर बसलेली आठदहा माणसं ऐकत होती. नर्सबायचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. त्यांनी डॉक्टरकडून पेन मागून घेतलं आणि त्या दिवसाच्या आकड्यासमोर लिहिलं : कारण, मी दिलेला काढा. मग विचारलं, "उतारतलो ना?" डॉक्टर म्हणाला, "उतरेल. पण किती दिवसांत, ते सांगता येत नाही."

संध्याकाळी आई नर्सबायना म्हणाली, "तुमी काय मुद्दाम केल्यात?" त्या म्हणाल्या, "मुद्दाम नाय. पण केलंय मीच."

पुढचे दहा दिवस त्या आमच्या घरी यायच्या. चहा घ्यायच्या नाहीत, बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत. एकशे बेचाळीस. पुन्हा चव्वेचाळीस. मग एकोणचाळीस. निघायच्या दिवशी एकशे चौतीस, शहाऐंशी. डिचोलीच्या स्टँडवर बस हलायच्या आधी त्यांनी खिडकीतून माझं मनगट धरलं. "थंय विचारतीत, कसला औषध घेतलास. काढो सांग. माझा नाव सांग. लपवू नको."

मी सांगितलं. तिथल्या डॉक्टरनं भुवया उंचावल्या, तीन वेळा दाब मोजला आणि रक्त जास्तीचं घेतलं. मी भिंतीकडे बघत बसले. तिसरा आकडा एकशे तीस, ब्याऐंशी. संध्याकाळी कागदावर 'योग्य' असं आलं.

परवाना मिळाल्यावर गावानं देवळाच्या मंडपात माझा सत्कार केला. नर्सबायना व्यासपीठावर बोलावलं. हिला तयार केली ती ह्यांनी, असं कोणीतरी माईकवर म्हणालं. नर्सबायनी माईक मागून घेतला. "ह्या खोटा," त्या म्हणाल्या. "हिका मी घरी बसयतलंय होतंय." आणि सगळं सांगितलं. वाट्या किती, दिवस किती, आकडा किती. शेवटी म्हणाल्या, "तुमच्यातले अर्धे माझो काढो पितत. उद्या सात वाजता येवा, दाब बगतंय."

दुसऱ्या दिवशी माझं परतीचं विमान होतं. बॅग घेऊन त्यांच्या दारात गेले, तर अंगणापासून रस्त्यापर्यंत रांग. निम्मे ट्रकवाले. नर्सबाय एका म्हातारीच्या दंडाशी वाकल्या होत्या. मला बघून त्यांनी हनुवटीनंच 'जा' म्हटलं आणि नजर परत पाऱ्यावर नेली. मी गेले. पुढच्या वर्षी त्या वारल्या तेव्हा मी ड्यूटीवर, गोव्यापासून लांब होते. सत्कारानंतरच्या त्या सकाळी रांगेतल्या तिघांचा दाब वाढलेला निघाला होता, हे मला बाबांनी सांगितलं. त्यातले एक ते स्वतः.