निगेटिव्ह आलेला नमुना

कामरेजच्या आमच्या लॅबमध्ये जनावरांचे नमुने तपासतात. माझ्या वाट्याला बहुतेक विष्ठाच. सासूबाई शेजारणींना सांगतात, "सूनबाई रक्त तपासते." मी त्यांना खोटं पाडत नाही. डुकराची घाण तपासते म्हटलं तर माझ्या हातचा चहाही कुणी घेणार नाही.

त्या बाई सचिन नावाच्या गावाहून आल्या होत्या. घरी दोन डुकरिणी, दोघी नुकत्याच व्यालेल्या, आणि एकीच्या पिल्लांना हगवण. नमुना आणला होता तो लोणच्याच्या बरणीत, तीही बाहेरून बरबटलेली. "हे काय आणलंत? भांडं धुऊन आणायची अक्कल नको?" मी फटकारलं आणि परत पाठवलं. लॅबची डबी हातात द्यायची, तेही केलं नाही. बोलण्यावरून त्या खानदेशातल्या, माझ्याच मुलखातल्या, हे कळत होतं. तरी बोलले. जिभेला हाड नाही, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी त्या चकचकीत डबी घेऊन आल्या. आत पांढुरकं, दुधट पाणी. पिल्लांची हगवण पुष्कळदा तशीच असते. फिनाईलचा वास येत होता, पण आमची फरशीही फिनाईलनेच पुसतात, म्हणून लक्ष दिलं नाही. विषाणूसाठीची पट्टी लावली. एकच रेघ उमटली, म्हणजे निगेटिव्ह.

"विषाणू नाही," मी सांगितलं.

आजारी पिल्लं त्यांनी वेगळ्या खोपटात ठेवली होती. "मंग आते एकत्र करू का, ताई?"

"करा."

एवढा एकच शब्द. 

आठवड्याने त्या परत आल्या. दुसरीचीही पिल्लं हगायला लागली होती. दोघींच्या पिल्लांपैकी एकच जिवंत होतं. या वेळी मी लॅबची डबी पुढे केली, तर त्यांनी विचारलं, "हाई बी धुईसन देऊ का? मागली फिनाईलमा धुयेल व्हती. तुमना हातमा घाण कशी देऊ?"

डबीत फिनाईल राहिलं होतं. पाण्यात पडलं की ते दुधासारखं होतं, आणि चाचणी नासवतं. हे मला पाठ आहे. "नका धुऊ," म्हणत मी डबी तशीच त्यांच्या हातात दिली.

नवा नमुना पॉझिटिव्ह आला. दुसऱ्या दिवशी त्या रिपोर्टला आल्या तेव्हा सवयीने मी म्हणाले, "विषाणू आहे. आजारी पिल्लू वेगळं ठेवा, साखर-मिठाचं पाणी पाजा, ऊब द्या."

 "शेवटलं बी मरी गयं, ताई. आते कोनले येगळं ठेवू?"

चूक माझी होती हे मी सांगितलंच नाही. त्यांनी कागदाची घडी घातली आणि मला हात जोडले. मीही जोडले.