नातीच्या कपाळावरचा डाग

तीन महिन्यांची माझी नात सुनेच्या मांडीवर एकाएकी ताठ झाली. डोळे वर गेले, डावा हात झटके देऊ लागला. जन्मापासून तिच्या कपाळावर नि पापणीवर लाल डाग होता. मोठ्या डॉक्टरांना दाखवा, असं नर्स म्हणाली होती. मीच नेऊ दिलं नाही. सुनेनं गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली, त्याचाच डाग, असं मी गावभर सांगितलं होतं.

तिला दवाखान्यात नेताना नारायणगावच्या जीपमध्ये पिचक्या टोमॅटोंचा वास होता. तो आला की अजून माझे हात गार पडतात.

"दृष्ट लागली असंल," मी म्हणाले.

"आत्या, आता तरी गप ऱ्हावा," सून म्हणाली.

पोरीचा श्वास चालतोय का, हे बघायची माझी हिंमत होईना.

दवाखान्यात तपासून डॉक्टर म्हणाले, तसलाच डाग आत मेंदूवरही आहे, त्यानंच झटके येतात.

नात जगली. पाचवीत आहे. रोज गोळी घ्यावी लागते.