चिंचवाले डॉक्टर

आमच्या डॉक्टरांच्या टेबलावर स्टेथोस्कोपशेजारी चिंचेची बरणी असायची. कर्जतमधले ते तोंडाचे आणि जबड्याचे सर्जन. पण कशेळ्याच्या वरच्या वाड्यांपर्यंत सगळे त्यांना चिंचवाले डॉक्टर म्हणत. मी त्यांच्याकडे नर्स होते. कुणी गालाला जखम घेऊन आलं की ते त्याच्या जिभेवर चिंचेचं बुटुक ठेवत आणि एक स्वतःच्या तोंडात टाकत. "पेशंटला एकट्यालाच आंबट खायला लावणं बरं दिसत नाही, सिस्टर." मला ती निव्वळ चैन वाटे.

बाहेर बाकावर मात्र खायला सक्त मनाई. कुणी वडापावचा कागद उलगडला की आतून गर्जना, "हा दवाखाना आहे, खानावळ नाही!" मग चिंचेचं काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "ते औषध आहे."

एकदा एका वाडीवरची ठमी आली. बैलाचं शिंग गालात घुसलेलं. दुसऱ्या एका दवाखान्यात वरवर टाके घातले होते. सासू म्हणाली, "डाक्तर, पोर जेवतच नाय. घास घेतला की गालातनं पानी गळतंय. वाडीत म्हनतात, भायेरचं हाय." ठमी गालाला पदर लावून बसलेली. सगळ्यांकडे पाठ करून दोन घास खायची, आता तेही सुटत चालले होते. पोरीची नुसती हाडं उरली होती.

डॉक्टरांनी चिंच दिली. टाक्यांच्या फटीतून स्वच्छ पाणी टपकलं. "हस बघू, बाळ. डोळे गच्च मिट. गाल फुगव." चेहऱ्याची नस शाबूत होती. मग तिच्या हाती आरसा देऊन म्हणाले, "हा पू नाही, भूत तर नाहीच. ही आंबटानं सुटलेली तुझी लाळ. कानापुढून तिची नळी निघते आणि वरच्या दाढेपाशी तोंडात उघडते. शिंगानं ती तुटलीय. लाळ वाट चुकलीय, तिला घरी आणू."

मला मात्र हळूच म्हणाले, "ताजी जखम असती तर बरं होतं. टोकं सापडली म्हणजे मिळवली."

सापडली. तोंडातून बारीक प्लास्टिकची नळी सरकवून तिच्यावर त्यांनी ती टोकं जोडली. मग घट्ट पट्टी, पातळ पेज आणि आंबट पूर्ण बंद. तेवढे दिवस डॉक्टरांनीही बरणीला हात लावला नाही, आणि चिडचिड आम्ही सोसली.

प्लास्टिकची नळी काढल्यावर पुन्हा चिंच. डॉक्टरांनी गालावर कापूस टेकवला. कोरडा. ठमी उठली. बाहेर जाऊन भरल्या बाकावर बसली, सासूच्या फडक्यातली भाकरी सोडली आणि पदर न घेता सगळ्यांसमोर खाऊ लागली. आता गर्जना होणार म्हणून मी धावले. डॉक्टर दारात आले, क्षणभर पाहत राहिले, आणि तिच्याशेजारी जाऊन बसले.

"आजी, मलाही एक तुकडा द्या."

डॉक्टर आता नाहीत. त्यांची फार आठवण येते. नव्या डॉक्टरांनी बरणी तिथेच ठेवलीय. ठमी दर शिमग्याला ती भरून जाते. आणि बाहेर कुणी डबा उघडला, तर मी पाण्याचा तांब्या नेऊन ठेवते.