मृणालचा फॉर्म आणि माझं अक्षर

आमच्या घरात कुणाचाही, कसलाही फॉर्म मीच भरतो. रेशनकार्डापासून गॅसच्या नंबरापर्यंत आणि सासूबाईंच्या पेन्शनपासून शेजारच्या जाधवांच्या टेलिफोनपर्यंत सगळे फॉर्म माझ्या हातून गेलेत. माझं अक्षर छापल्यासारखं आहे. (हे मी म्हणत नाही. पोस्टातला माणूस म्हणाला होता. एकदाच म्हणाला, पण म्हणाला!)

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मृणाल, आमची एकुलती एक, दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि घरात युद्ध पेटलं. तिला मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचा होता. मला तिला डॉक्टर करायचं होतं. मी सातपूरच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं लेथ मशीनसमोर उभा होतो. ऑइलचा वास, कानठळ्या, सकाळचा भोंगा, हे सगळं भोगलेल्या माणसाला आपली पोर त्याच फाटकातून आत जाताना बघवणार नाही, एवढं तरी तिने समजून घ्यायला हवं होतं. ती मात्र घरचा मिक्सर उघडून बसायची. जोडल्यावर दोन स्क्रू उरायचे आणि मिक्सर पहिल्यापेक्षा बरा चालायचा!

शेवटी जाधवांनी तोडगा काढला. "कॉलेज रोडला एक मॅडम आहेत. करिअर मार्गदर्शन करतात. त्या सांगतील ते दोघांनी ऐकायचं, विषय संपला."

मॅडमनी भेटीआधी भरून द्यायचा एक फॉर्म पाठवला. एकशेवीस प्रश्न! तो आला तेव्हा मृणाल मावशीकडे कळवणला लग्नाला गेलेली, आणि फॉर्म दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'विद्यार्थ्याने स्वतः भरावा.' अशा सूचना दुसऱ्यांसाठी असतात. मी सुट्टीच्या दिवशी सकाळी आंघोळ करून, काळं पेन घेऊन बसलो.

"अहो, तिला येऊ द्या की," बायको, म्हणजे सुनंदा, स्वयंपाकघरातून म्हणाली.

"अगं, तिचं अक्षर बघितलंयस का?"

पहिले दहा प्रश्न मी ठरवून भरले. रुग्णसेवा आवडते, पांढरा कोट आवडतो, वगैरे. पण अकराव्या प्रश्नाला गडबड झाली. 'तुम्हाला मनापासून काय करायला आवडतं?' असं विचारलं होतं. आता बेचाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं हो! ना शाळेत, ना कारखान्यात, ना लग्नात. मी पेन थांबवलं, चहा मागवला आणि खरं खरं लिहीत सुटलो. एकशेविसावा प्रश्न संपला तेव्हा मला इतकं हलकं वाटत होतं, की खाली मृणालची सहीसुद्धा मीच झोकात ठोकून दिली. तिला मात्र 'भरून टाकलाय गं' एवढंच सांगितलं. आमच्याकडे त्यावर कुणी आणखी विचारत नाही.

भेटीच्या दिवशी आम्ही तिघं एका स्कूटरवर निघालो. पहिल्या भेटीत काय लागेल याचा नेम नाही म्हणून मी मार्कलिस्ट, रेशनकार्ड, डोमिसाइल, लसीकरणाचं कार्ड आणि जन्मपत्रिका, सगळ्याच्या साक्षांकित झेरॉक्स घेतल्या होत्या. सुनंदाने रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून चिवड्याचा डबा घेतला होता.

मॅडम साध्या, चष्मेवाल्या होत्या. शेजारच्या खोलीत एक टेबलफॅन खडखड वाजत होता.

"बसा. मृणाल कोण?"

मी हात वर केला. (सवय!)

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग दोन वेण्यांकडे बघितलं. "मृणाल, तुला काय आवडतं?"

"तिला ना मॅडम, लहानपणापासून डॉक्टर..."

"मी मृणालला विचारलं."

"हो हो, तीच सांगतेय," मी म्हणालो.

मॅडमनी सुस्कारा टाकला आणि फॉर्म उघडला. "फार प्रामाणिकपणे भरलाय हा, विशेषतः अकराव्या प्रश्नापासून. त्याआधी सेवेची हौस दिसते, मग ती एकदम नाहीशी होते. रक्त बघून चक्कर येते."

"हिला?" सुनंदा ओरडली. "अहो, कोंबडी हीच साफ करते! चक्कर यांना येते."

"यंत्रांचा तिटकारा आहे. भोंग्याचा आवाज ऐकला की पोटात गोळा येतो."

"कुठला भोंगा?" मृणाल म्हणाली.

सुनंदाने मान हळूहळू माझ्याकडे वळवली. मी छताकडे बघत होतो.

"दुपारी तासभर झोप लागते. रश्श्याशिवाय जेवण जात नाही. माणसं गोळा करून त्यांना खाऊ घालावं, गप्पा माराव्यात, यात खरा आनंद." मॅडमनी चष्मा काढला. "स्पष्ट सांगते. डॉक्टरकीचं तर नावच नको. पण इंजिनिअरिंगचाही हट्ट सोडा. हिला कारखान्याच्या दारातसुद्धा उभी करू नका. जीव गुदमरेल."

मी जिंकलो होतो! डॉक्टर नाही तर नाही, पण कारखाना टळला होता. जाधवांच्या साक्षीने ठरल्याप्रमाणे विषय संपला होता. मी विजयाने मृणालकडे बघितलं.

ती रडत होती. स्कूटरचा सायलेन्सर पोटरीला चिकटला तेव्हा न रडलेली पोर! "म्हणजे मला जमणार नाही का, मॅडम?" तिने हळूच विचारलं. "खरंच नाही जमणार?"

माझ्या पोटात जो गोळा आला तो भोंग्यापेक्षा मोठा होता. गप्प बसलो असतो तर सगळं माझ्या मनासारखं झालं असतं, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण ती माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून स्वतःला कमी समजायला लागली होती. हे मात्र मला सहन होईना.

"मॅडम," मी म्हणालो, "ही मुलगी मी आहे."

फक्त पलीकडचा पंखा खडखडत होता.

"वय?" मॅडमनी विचारलं.

"बेचाळीस."

"मग अकरावीला जरा उशीर झालाय."

सुनंदाने कपाळाला हात लावला. मृणाल डोळे पुसत माझ्याकडे बघत राहिली, आणि मग इतकी हसली की तिला उचकी लागली. मॅडमनी तिला कोरा फॉर्म देऊन शेजारच्या खोलीत पाठवलं आणि मला बजावलं, "तुम्ही इथे, माझ्यासमोर बसायचं. हात टेबलावर."

तासभर मग माझंच मार्गदर्शन झालं. "यंत्रांचा एवढा तिटकारा, तर एकोणीस वर्षं कशी काढलीत?"

"भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर."

"आणि ती भीती मुलीच्या गळ्यात बांधत होतात."

बाई बरोबर होत्या. तेवढ्यात सुनंदाने डबा उघडला आणि मी मॅडमना चिवडा दिला, वॉचमनला दिला, बाहेर बसलेल्या तीन कुटुंबांना दिला आणि त्यातल्या एका वडिलांना धीरही दिला. मॅडम मी भरलेल्या फॉर्मवर काहीतरी टिपून घेत होत्या.

मधेच पलीकडची खडखड थांबली. थोड्या वेळाने मृणाल बाहेर आली. एका वेणीची पिन गायब होती. "मॅडम, फॉर्म भरला. पंख्याची जाळी सैल होती, ती पण बसवली."

मॅडमनी फॉर्म उघडलासुद्धा नाही. "घाला हो हिला मेकॅनिकलला," त्या म्हणाल्या, आणि माझ्या छातीवरचं मणभर ओझं उतरलं. हरल्यावर इतकं बरं वाटतं हे मला माहीतच नव्हतं! मी उरलेला चिवडा एकट्याने संपवला.

पुढच्या आठवड्यात तंत्रनिकेतनात प्रवेशाचा फॉर्म मिळाला. मी खिशातलं काळं पेन काढलं. मृणालने ते शांतपणे माझ्या हातातून घेतलं आणि भरायला बसली. 'वडिलांचा व्यवसाय' आला तेव्हा मी म्हणालो, "एवढं तरी मला लिहू दे."

"नको बाबा, तुम्ही परत खरं लिहाल."

तिने 'नोकरी' लिहिलं, बाकी सगळं भरलं आणि मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून फॉर्म माझ्यापुढे सरकवला. 'पालकाची सही.' ती एक जागा तिने माझ्यासाठी ठेवली होती. मला भरून आलं. मी चष्मा पुसला, हात स्थिर केला आणि झोकात सही केली.

मृणालची!