जाऊबाईंची उन्हाळी

"आत्याबाई, विस्तव मुतून राह्यले मी! आन् तुम्ही ठेचा शोधताव?"

मोरीतून आलेल्या ह्या आरोळीनं परतूर स्टेशनातून सुटलेली गाडी जागीच थांबली होती, हे मी आजही शपथेवर सांगते. आणीबाणीचं साल होतं. सगळा देश कुजबुजत बोलायचा, एक माझ्या मोठ्या जाऊबाई सोडून.

जाऊबाईंना उन्हाळी लागायची. बऱ्या होऊन चूल पेटवतात न पेटवतात तोच पुन्हा लघवीला आग, ओटीपोटात कळ, अंगात हुडहुडी. सासूबाईंचं निदान पक्कं होतं, "चोरून ठेचा खाती. जिभेला लगाम न्हाई." चुलीमागं, कणगीत, एवढंच काय, म्हशीच्या गव्हाणीतही त्यांनी ठेचा हुडकला. सापडला नाही, तेव्हा फर्मान निघालं, "आता पुन्यांदा लागली तर माहेरी धाडीन. आन् आणाया कुणी यायचं न्हाई."

जाऊबाई रडल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मंग ह्या धाकलीला जुंपा माझ्यासंगं. मी खाईन ते हिनं खायचं, मी जाईन तवाच हिनं जायचं. हिलाबी लागली तर खोड माझ्या खान्याची, मला एकलीलाच लागली तर न्हाई."

धाकली म्हणजे मी. मला विचारलं कुणी?

एका ताटात जेवलो, एका तांब्यानं प्यालो, कापूस एका ओळीत वेचला. रानात गडीमाणसं असली की दिवसभर दाबून धरायचं आणि त्यासाठी पाणीच प्यायचं नाही, हा बायकांचा कायदा. तोही दोघींनी बराबर पाळला. सासूबाई पंचासारख्या मागं. अमावास्या यायच्या आत जाऊबाई तापानं फणफणल्या. मला मात्र उन्हाळी शिवलीही नाही, उलट अंगानं अशी भरले, की बांगड्या फोडून काढाव्या लागल्या.

"बघा!" जाऊबाई तापातही गरजल्या. "हिच्या अंगातले राखणदार जागे हायेत, माझे घोरून राह्यले. त्यात माझा काय गुन्हा?"

सासूबाईंना पटेना, पण खोडताही येईना. एसटीनं आम्हा दोघींना त्यांनी जालन्याला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी लघवी तपासली, गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "काही बायकांना हे पुन्हा पुन्हा होतं. तसंच राहून दुसरीला होत नाही. ज्याच्या त्याच्या अंगाची ताकद. असं का, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही. पाणी भरपूर प्या, दाबून धरू नका."

पुढं जन्मभर जाऊबाईंनी ते पाळलं. भर दुपारी रानात हाळी द्यायच्या, "गडीहो, तोंडं फिरवा! बाया चालल्या!" गडी तर गडी, बैलसुद्धा तोंड फिरवायचे. उन्हाळी अधूनमधून यायची, पण पूर्वीसारखी ठाण मांडून बसायची नाही. आता जाऊबाई नाहीत. हाळी आमच्या सुना देतात, आवाज मात्र शिवेपलीकडं जात नाही.

त्या दिवशी जालन्याहून परतताना एसटीत त्यांनी अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं, "मंग आत्याबाई, माहेरी कवा धाडताव?"

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"पाणी पी," त्या म्हणाल्या.