जेवणाच्या सुट्टीतलं तळं

मंडळी, आमच्या घरातले देव मी स्वतः टोपलीत भरून नदीत सोडले होते. देवांबरोबर भूत, भगत, अंगात येणं — सगळंच सोडलं. धम्म घेतलेल्या माणसानं असलं काही लिहावं का, यावरून माझं आणि मुलाचं परवाच वाजलं... तरी लिहितोय. मी सांगतो, नात टाईप करतेय.

गोष्ट भिलाईची, कारखाना उभा राहत होता तेव्हाची. मी भंडाऱ्याकडून आलेलो, वय चोवीस. कॅम्प-१ मध्ये एका खोलीत मी आणि बायको. माझं काम म्हणजे क्रेनवाल्याला खालून हाताने इशारे देणं. तळवा स्थिर धरला की ‘थांब’, तळवा हलवला की ‘हळूहळू खाली’. ऐकायला सोपं आहे. पण वर टांगलेल्या लोखंडाखाली माणसं उभी असतात, आणि ती माझ्या हाताच्या भरवशावर असतात.

एका सकाळी मी ‘थांब’ म्हणून हात धरला आणि हातच थरथरला. क्रेनवाला समजला ‘खाली’. गर्डर सुखदेवच्या खांद्यापासून वीतभर अंतरावरून गेला. सुखदेव माझा जोडीदार, माझ्याच तालुक्यातला. तो पठ्ठ्या हसला! म्हणाला, "वाचलो ना बे! तू कावून रडून रायला?"

तेव्हापासून हात थांबेनात. फोरमनला कळलं तर माझं काम जाणार — गावी परत, पाटलाच्या शेतावर. नाही कळलं तर सुखदेव जाणार. बायकोलाही सांगितलं नाही. फार भीती वाटायची.

म्हणून जेवणाचा भोंगा वाजला की डबा घेऊन सगळ्यांपासून लांब जायचो. रुळांच्या स्लीपरची मोठी थप्पी होती, तिच्यापलीकडे एक मोहाचं झाड आणि छोटंसं तळं. पहिल्या दिवशी काठावर एक म्हातारा बसलेला दिसला. अनवाणी, चपला बगलेत धरलेल्या. माझे आजोबा पाटलाच्या दारावरून जाताना अश्शाच धरायचे, म्हणून लक्ष गेलं.

मला हात धुवायचे होते. आणि सांगायला लाज वाटते... देव सोडले, जोहार सोडला, पण पाण्याशी उभा राहून मी विचारलंच, "बाबा, ये पानी छू सकते क्या?"

म्हातारा म्हणाला, "हाथ डार दे बाबू. तरिया सबो झन के आय." म्हणजे, तळं सगळ्यांचं आहे.

मी बाह्या न सारताच दोन्ही हात पाण्यात घातले. पाणी रांजणातल्यासारखं गार. थरथर थांबली. दुपारभर एकही इशारा चुकला नाही. रात्री घरी पुन्हा सुरू.

मग रोजचंच झालं. भाकर खायची, दहा मिनिटं हात पाण्यात, भोंग्याच्या आत परत. तेवढीच काय ती विश्रांती. म्हातारा फारसं बोलायचा नाही. पाण्याला स्वतः कधी हात लावायचा नाही आणि बगलेतल्या चपला काढायचा नाही. दहा-बारा दिवसांनी मला रागच आला. म्हटलं, "बाबा, मेरे को बोलते सबका है, और खुद? चप्पल पहनो ना! अब कौन बोलनेवाला है इधर?"

तो उठून उभा राहिला. मग चपला खाली ठेवल्या, एकेक पाय सरकवला. आपल्याच पायांकडे कितीतरी वेळ बघितलं. वाकला आणि ओंजळभर पाणी प्यायला. माझे डोळे भरून आले... तेवढ्यात भोंगा झाला आणि मी पळालो.

दुसऱ्या दिवशी सुखदेवनं अडवलं. "तुह्या बाह्या रोज कोपरापर्यंत ओल्या कशा बे? काल मी पिळून पाह्यल्या. तिकडं तं पाण्याचा थेंब नाही!"

"चल, दाखवतो," म्हटलं.

थप्पीपलीकडे मुरूम होता. रोलर फिरवून सपाट केलेला. मधोमध मोहाचा एक वाळका खुंट. सुखदेवनं टाचेनं मुरूम उकरला, खालीही कोरडाच.

घमेली उचलणाऱ्या बायकांत एक बुधवारिन होती, कारखान्यासाठी उठवलेल्या तिथल्याच गावातली. तिला विचारलं. "तरिया? ओला तो कब के पाट दिन," ती म्हणाली. मी भिलाईला येण्याआधीच तळं बुजवलं होतं! मग मी म्हाताऱ्याबद्दल सांगितलं, बगलेतल्या चपलांबद्दल. तिनं घमेलं खाली ठेवलं.

"हमर बबा अइसने धरय. ओ घाट मालगुजार के रिहिस. हमन ला पानी छुए के मनाही रिहिस."

घाट मालगुजाराचा, म्हणजे तिथल्या जमीनदाराचा; तिच्या माणसांना पाणी शिवायची मनाही. तिचा आजा कारखाना येण्याआधीच वारला होता. जन्मभर त्या घाटावरून चपला बगलेत धरून गेला. तिनं मला कसलीच खूण विचारली नाही, एवढंच विचारलं, "आखिर में देखे त पनही कहाँ रिहिस?" म्हणजे, शेवटी पाहिलंस तेव्हा चपला कुठे होत्या?

"पैर में," मी म्हणालो. "और पानी भी पिया."

ती पदर तोंडाला लावून तिथेच खाली बसली आणि रडली. कामाची घाई होती, तरी तिला कोणी उठवलं नाही.

मुलगा म्हणतो ऊन लागलं असेल, मनावर ताण होता. असेलही. मग सुखदेवनं पिळलेल्या बाह्या कशाच्या होत्या? मला अजून कळलेलं नाही. मी पुन्हा तिकडे गेलो नाही, जायची गरजच पडली नाही. रिटायर होईपर्यंत इशारे दिले. सुखदेवनं नातवंडं पाहिली.

आत्ता नात टाईप करायचं थांबलीय. म्हणते, आबा, हात दाखवा. हे बघ बाई... आहेत स्थिर.